ढग जाईपर्यंत

बसच्या पायरीवर म्हातारा अडकला होता. त्याला उतरायचं होतं, पण पाय काही उचलत नव्हता. दांडीला धरलेला हात थरथरत होता आणि मागून एक बाई, "अहो, उतरताय की नाही? का इथंच मुक्काम?" म्हणून करवादत होती. नोटबुर्गा टेल्सर थांब्यावर उभी होती, काखेत शेवंतीची कुंडी घेऊन. आयुष्यभर लोकांच्या भानगडीत हात घालायची सवय, तेव्हा चेहऱ्याकडे न बघताच तिनं हात पुढे केला. म्हाताऱ्यानं तो धरला आणि त्याचा सगळा भार तिच्या मनगटावर आला. त्याच्या तर्जनीला वरचं पेर नव्हतं. तिला हात आधी कळला, माणूस नंतर. कडबा कापायच्या यंत्रात ते पेर गेलं तेव्हा विगील अकरा वर्षांचा होता, आणि रडत होती ती. आता तो खाली उतरला, टोपी नीट केली, आणि बोत्सन शहरातल्या परक्या बाईशी बोलावं तसं इटालियनमध्ये बोलला, शाळेत छड्या खाऊन शिकलेल्या त्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये. "आभारी आहे बाईसाहेब. फार उपकार झाले." आणि तिच्या तोंडून, कसं कोण जाणे, इटालियनच बाहेर पडलं. "असू द्या हो, त्यात काय." सख्खा भाऊ तिला बाईसाहेब म्हणाला आणि सख्खी बहीण त्याला अहो-जाहो करून मोकळी झाली. इटलीच्या उत्तरेकडच्या या डोंगराळ मुलखात त्यांचं गाव जर्मन बोलणारं, त्यांच्या घरात तर कुत्र्याशीसुद्धा कुणी जर्मनशिवाय बोललं नव्हतं. तो इस्पितळाच्या फाटकाकडे गेला. तिथं त्याची मुलगी हाइड्रुन वाट बघत उभी होती. तिनं बापाचा दंड धरला आणि मागे वळून पाहिलं. आत्या दिसल्यावर ती क्षणभर थबकली, पण बापाला काही बोलली नाही.

बुर्गल थांब्यावरच्या बाकावर बसली. नोटबुर्गा हे नाव कागदोपत्री आणि वर्तमानपत्रात. ज्यांचं तिच्याशी काही नातं होतं त्यांना ती बुर्गल. तिच्या बसगाड्या येत होत्या, जात होत्या. शेवंतीची कुंडी मांडीवर धरून ती बसली होती आणि हाताला अजून तो थरकाप जाणवत होता. त्याचा की स्वतःचा, हे तिला सांगता आलं नसतं. ही कुंडी ती दर वर्षी घ्यायची. सर्व संतांच्या दिवशी या मुलखातला प्रत्येक माणूस शेवंती घेऊन आपल्या गावी जातो, दुपारची प्रार्थना झाली की आपापल्या घराण्याच्या कबरीपाशी उभा राहतो, आणि पाद्री फिरत फिरत येऊन कबरीवर तीर्थ शिंपडतो. तुम्ही चर्चला जात असा नसा, देव माना न माना, त्या दिवशी तुम्ही कुठं उभे आहात यावरून गावाला तुम्ही कुणाचे ते कळतं. बुर्गल कुंडी घ्यायची आणि घरी नेऊन बाल्कनीत ठेवायची. तिचा नवरा दानिलो त्रिएस्तला त्याच्या आईशेजारी पुरलेला. तो समुद्राकडचा माणूस, डोंगरांमध्ये त्याचा जीव कधी रमला नाही. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि आपल्या गावी, सांक्ट क्विरीनमध्ये, जिथं सगळे ओळखत होते, तिथं ती गेली नऊ वर्षं गेली नव्हती.

विगीलच्या याच हातानं तिला श्वास रोखायला शिकवलं होतं. एट्श नदीच्या काठानं टेल्सरांची सफरचंदांची बाग, घराच्या अगदी दारापर्यंत आलेली. मोहोर झडला की फवारणी सुरू व्हायची. आधी घोडा, पिंप आणि रबरी नळी, मग ट्रॅक्टर आला. वडील नळी धरायचे आणि विगील पिंपातली पांढरी भुकटी काठीनं ढवळायचा. काठी सापडली नाही तर हातानं, कोपरापर्यंत. वारा घराकडे असला की आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "तोंड मिटा!" मग अंगणात असतील ती पोरं जागच्या जागी थिजायची, गाल फुगवायची आणि ढग जाईपर्यंत श्वास धरून ठेवायची. आईला वाटायचं, ही खबरदारी. पोरांना वाटायचं, हा खेळ. जो आधी श्वास सोडेल तो हरला. बुर्गल नेहमी हरायची. तिचे डोळे बटाट्यासारखे बाहेर यायचे आणि आता सुटणार म्हणता विगीलचा तळवा येऊन तिच्या नाकातोंडावर बसायचा. त्या तळव्याला गंधकाचा, लोखंडाचा आणि दुधाचा वास असायचा. तो स्वतः कधी हरला नाही. ढग कुंपणापलीकडे, मग शाळेच्या पटांगणापलीकडे जायचा, तेव्हा कुठं तो हात काढायचा आणि शांतपणे म्हणायचा, "हं. घे आता." त्या एका परवानगीच्या श्वासाइतकी गोड हवा तिनं पुढे कुठल्याही शिखरावर घेतली नाही. आणि तिनं शिखरं पुष्कळ पाहिली, बहुतेक वेळा पाठीमागे कुणीतरी छायाचित्रकार घेऊन.

तिचं राजकारण सुरू झालं ते मात्र फवारणीवरून नाही. ते सुरू झालं एक्क्याऐंशीच्या जनगणनेत, जेव्हा प्रत्येकाला लिहून द्यायला सांगितलं की तुम्ही जर्मन, इटालियन की लादिन, म्हणजे वरच्या खोऱ्यांतली ती छोटी तिसरी भाषा बोलणारे. तीनच खाने. नोकऱ्या, घरं, शाळांमधल्या जागा, सगळं त्या खान्यांच्या हिशेबानं वाटलं जायचं. इटलीत राहून आपली भाषा टिकवायची तर हे हवंच, असं वडिलांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं होतं असंही नाही. पण बुर्गल तेव्हा दानिलोच्या प्रेमात होती, बोत्सनच्या शाळेत शिकवत होती, आणि पोटात मूल होतं. ते मूल पुढे राहिलं नाही. पण त्या वेळी ते होतं, आणि त्याला कुठल्या खान्यात घालणार, एवढाच तिचा साधा प्रश्न होता. तिनं लिहून द्यायला नकार दिला आणि शाळेतली नोकरी गेली. ती गावी आली, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वडिलांना सांगितलं. कासियान टेल्सर सूप पीत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला. "पुन्हा?"

त्या एका शब्दाचा अर्थ कळायला तिला पुढची कितीतरी वर्षं लागली. एकोणचाळीस साली दोन हुकूमशहांनी मिळून या लोकांना फर्मान काढलं होतं, जर्मन राहायचं तर घरदार सोडून जर्मनीला जा, इथं राहायचं तर जर्मनपण सोडा. जवळजवळ सगळ्या गावानं जायचं म्हणून सही केली. आजोबांनी केली नाही. म्हणाले, माझी झाडं मला उचलून नेता येत नाहीत. तेव्हा दहा वर्षांच्या कासियानला शाळेच्या वाटेवर दगड बसले, दारावर शेण फासलं गेलं, आणि सर्व संतांच्या दिवशी टेल्सरांच्या कबरीच्या दोन्ही बाजूंची माणसं एकेक पाऊल लांब सरकून उभी राहिली. पुढे लढाई संपली, बहुतेक लोक गेलेच नाहीत किंवा परत आले, आणि सगळ्यांनी मिळून ते विसरायचं ठरवलं. पण कासियान ते दोन पावलांचं अंतर विसरला नाही. त्यातून तो शिकला ते इतकंच की माणसानं गावाबरोबर राहावं. आणि त्याच्याच पोटी ही पोर निघाली. बापानं तिला कधी घराबाहेर काढलं नाही. आली की सूप वाढायला सांगायचा. फक्त तो पुन्हा तिच्याकडे नजर वर करून बघेना.

पर्यावरणवाल्यांच्या हिरव्या पक्षात ती गेली कारण दुसऱ्या कुणी घेतलं नसतं. जर्मनांचा मोठा पक्ष तिला फितूर म्हणे, इटालियनांना ती डोंगरातली शेतकरीण वाटे. हिरव्यांच्या बैठकीत मात्र दोन्ही भाषा एकाच टेबलावर भांडायच्या, कॉफी वाईट असायची आणि हसणं भरपूर. ती प्रांतसभेत निवडून आली, पडली, पुन्हा आली. महामार्गाविरुद्ध बोलली, धरणाविरुद्ध बोलली, दोन्ही भाषांच्या एकत्र शाळेसाठी बोलली आणि हरली, आणि पुन्हा बोलली. गावातल्या खानावळीत तिला कलिंगड म्हणत, वरून हिरवी आत लाल. ती तिथं गेली की कुणीतरी सुरी मागायचं. ती हसायची. हसता आलं नाही तर राजकारणात दोन दिवस काढता येत नाहीत. एकदाच हसू आलं नाही. खानावळीचा मालक सगळ्यांसमोर म्हणाला होता, "विगील, लहानपणी तू हिचं तोंड दाबून धरायचास म्हणे. सोडलंस कशाला रे बाबा?" सगळी खानावळ खिंकाळली. विगीलनं ग्लासातली वाइन संपवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तेव्हा तिचाच जीव वाचवत होतो." यावर लोक आणखी हसले, पण तो हसला नाही. बोत्सनला परतताना गाडीत ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात तिनं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं.

ते फवारणीवरचं भाषण. बागायतदारांच्या वतीनं कुणी एक डॉक्टर साक्षीला आला होता आणि प्रत्येक प्रश्नावर, "नक्की सांगता येत नाही," म्हणत होता. शेतकऱ्यांचे हात का थरथरतात? नक्की सांगता येत नाही. बायकांच्या रक्तात काय सापडतं? नक्की सांगता येत नाही. बुर्गल उठली आणि त्याचीच नक्कल करून विचारलं, "डॉक्टर, आज बुधवार आहे का?" सभागृह हशानं कोसळलं. अध्यक्षसुद्धा हसले. त्या हशावरच कायदा पास झाला, तिच्या सबंध कारकिर्दीतला तिचा म्हणावा असा एकुलता एक कायदा. शाळेच्या कुंपणापासून अमुक इतक्या अंतरात फवारणी बंद. तिनं तो प्रांतातल्या सगळ्या शाळांसाठी केला होता, पण सांक्ट क्विरीनमध्ये शाळेच्या कुंपणाला लागून बाग एकाचीच होती. विगीलनं त्या ओळींना कीड लागलेली पाहिली, आणि एका सकाळी करवत घेऊन स्वतःच्या हातानं झाडं कापली. आजोबांनी लावलेली झाडं. जी उचलून नेता येत नव्हती म्हणून आजोबा राहिले होते, तीच.

त्या वर्षी सर्व संतांच्या दिवशी ती शेवंती घेऊन गेली होती. आईवडील दोघंही तोवर त्याच कबरीत होते. कबरीपाशी विगील, हाइड्रुन, आणि विगीलची बायको आगाथा. आगाथा रुंद हाडाची, कामाची बाई. तिनं पाय थोडे फाकवले, घागरा पसरला, आणि तेवढ्यानंच जागा भरून गेली. विगील क्रुसाकडे बघत राहिला. दुसरीकडे उभं राहायचं तर दुसऱ्या कुणाच्या कबरीपाशी उभं राहावं लागणार, आणि ते शक्यच नव्हतं. म्हणून बुर्गल भिंतीपाशी गेली, जिथं ऊन होतं आणि मोकळी जागा होती. तिथं काही इटालियन सीमारक्षक पुरलेले, त्यांना बघायला कुणी येत नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही. गावाच्या मात्र बरोबर लक्षात आलं. आईबाप सोडून ती परक्यांच्या कबरीपाशी उभी राहिली, मुद्दाम, सगळ्यांना दाखवायला. पाद्र्याला वाटलं हा निषेध आहे, वर्तमानपत्राला वाटलं ही भूमिका आहे, आणि तिच्या पक्षातल्या लोकांनी तिचं अभिनंदन केलं. कुणालाच सुचलं नाही की एका बाईला नुसती उभं राहायला जागा नव्हती. पुढे आगाथा रक्ताच्या आजारानं गेली. तेव्हा निवडणूक तोंडावर होती, दोन वार्ताहर तिच्या मागे मागे फिरत होते आणि मयतीत ते येणार म्हणून ती गेली नाही. टेल्सरांच्या दारात तमाशा नको, एवढंच तिच्या मनात होतं. दानिलो तेव्हा होता, तो म्हणाला, "जा गं, तमाशा झाला तर झाला." त्याचं ऐकायला हवं होतं. निवडणुकीत तिला सगळ्यात जास्त मतं पडली. सांक्ट क्विरीनमध्ये तीन, आणि त्यातलं एक कुणाचं असेल या विचारात तिची एक अख्खी रात्र गेली होती.

आता ती सभेतही नव्हती. निरोपाच्या वेळी तिला कुणीतरी सफरचंदाचं रोप भेट दिलं होतं, रंगीत फीत बांधून. भल्या माणसांच्या हातून अशी क्रूर गोष्ट सहज होऊन जाते. ते रोप बाल्कनीत होतं, शेवंतीशेजारी, आणि त्याला मावा लागला होता. ती साबणाच्या पाण्यानं तो पुसत होती तेव्हा संध्याकाळी फोन वाजला.

"बुर्गल आत्या, मी हाइड्रुन. फोन ठेवू नकोस."

"मी कशाला ठेवीन? काय झालं? काय म्हणाले इस्पितळात?"

"काय म्हणणार. हात, पाय, आता गिळायलाही त्रास होतोय. ते जाऊ दे. उद्या ये. बाबांना तुला काहीतरी विचारायचंय. वर्षभर म्हणतायत, बुर्गलला विचारायचंय. मी म्हणते फोन लावून देते, तर म्हणतात, टेलिफोनवर विचारण्यासारखं नाही."

"त्याला कळलं का गं, आज बसपाशी…"

"मी काही बोलले नाही. तू ये बाई. जागा मी ठेवते." मग ती म्हणाली, "आणि मलाही ऐकायचंय. यंदा मी निम्मी बाग औषधाशिवाय करायची म्हणतेय. बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. तुझ्या बोलण्याची वाट बघतायत असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. दरीत शिरताना सगळीकडे त्याच त्या रांगा, पानं पिवळी पडलेली, फळं उतरवून झालेली. तिला आनंद होत होता आणि त्या आनंदाची शरम वाटत होती. वर्षभर म्हणतायत. म्हणजे इतक्या वर्षांनी विगील कबूल करणार, की तिचंच खरं होतं. त्यानं ते मान्यच करायला हवं, ही गोष्ट तिच्या मनात किती खोल घर करून बसली होती हे तिला गाडीच्या खिडकीत स्वतःचा चेहरा बघून कळलं. त्या चेहऱ्यावर जिंकलेल्या बाईचं हसू येऊ घातलं होतं. तिनं ते पुसलं. मी काही म्हणणार नाही, तिनं ठरवलं, मी फक्त त्याचा हात धरीन.

कबरस्तान माणसांनी भरलं होतं, काळे कोट, डोक्याला फेट्यासारखे गुंडाळलेले निळे रुमाल, थडग्यांवर मेणबत्त्या आणि शेवंतीच शेवंती. ती आत आली तशी कुजबुज तिच्या पुढे पुढे सरकत गेली. टेल्सरांच्या कबरीपाशी विगील खुर्चीवर बसला होता. उभं राहणं त्याला जमत नव्हतं. शेजारी हाइड्रुननं खरंच एका माणसापुरती जागा ठेवली होती, आणि ती राखायला तिथं पाण्याची झारी उभी केली होती. बुर्गलनं झारी उचलली, कुंडी ठेवली आणि तिथं उभी राहिली. दगडावर वडिलांचं नाव, आईचं, आणि खाली नवीन कोरलेलं, आगाथा टेल्सर.

"आलीस," विगील म्हणाला. बोलताना त्याची जीभ जड व्हायची.

"आले."

"काल बसपाशी तू होतीस. हात ओळखला मी."

"मग इटालियनमध्ये का बोललास रे?"

"तुझ्याशी काय बोलायचं ते सुचेना. ते परक्यांचं बोलणं सोपं पडतं." त्याच्या चेहऱ्यावर आजारामुळे काही उमटत नव्हतं, पण ती त्याची बहीण होती, तिला दिसलं. "तू पण बोललीस की. चांगलं बोलतेस. दानिलोनं शिकवलं वाटतं."

"तुझ्यासारखं तोडून बोलायला नाही शिकवलं."

हाइड्रुन हसली. शेजारच्या कबरीपाशी प्लांगर कुटुंब उभं होतं. म्हातारी प्लांगरबाई, गावाची चालतीबोलती बातमी, मान न वळवता कान वळवून ऐकत होती. पाद्री अजून लांब होता. धुपाची साखळी खुळखुळत होती. विगीलनं बुर्गलच्या कोटाची बाही धरली आणि खाली ओढली. ती वाकली.

"एक विचारतो. तू खरं सांगशील म्हणून विचारतो."

"विचार."

"माझं जाऊ दे. माझे हात गेले, गेले. मी पिंप ढवळलं, मला कळत होतं त्याला वास कसला येतो. पण आगाथा…" त्याला थांबावं लागलं. हाइड्रुननं रुमाल पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. "ती माझ्यामागून यायची. मी फवारत पुढे आणि ती मागून फांद्या बांधत. पानं ओली असायची. मीच म्हणायचो, आत्ताच बांधून टाक, नंतर वेळ नाही. तीस वर्षं. ती म्हणायची, डोळे चुरचुरतात, आणि मी म्हणायचो, शहरातल्या बायकांसारखी करू नकोस." त्यानं मान वर केली. "त्यानं गेली का गं ती? मी मारली का तिला? डॉक्टरला विचारलं. म्हणतो, नक्की सांगता येत नाही. मला ते नको. तुला सगळं माहीत आहे. तू सांग."

बुर्गल वाकलेलीच राहिली. कबूल करायला नव्हे, तर सोडवून घ्यायला त्यानं तिला बोलावलं होतं, हे तिला समजायला वेळ लागला. नक्की सांगता येत नाही. तेच खरं उत्तर होतं, एका माणसाच्या बाबतीत कुणालाच नक्की सांगता येत नाही, आणि त्याच उत्तराची तिनं भर सभागृहात खिल्ली उडवली होती. आता ते उरलं नव्हतं. उरली दोनच उत्तरं. एक ती आयुष्यभर देत आली होती, आकड्यांसकट, आणि ते तिनं आत्ता दिलं तर हा माणूस उरलेले दिवस बायकोच्या कबरीपाशी खुनी म्हणून बसून राहील. दुसरं दिलं तर हाइड्रुन ऐकत होती, निम्मी बाग तिच्या हातात होती, आणि प्लांगरबाई ऐकत होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत खानावळीत सगळ्यांना कळणार की हिरव्यांची बुर्गल स्वतःच्या तोंडानं म्हणाली, औषधाचा काही दोष नाही. चाळीस वर्षांचं बोलणं एका दुपारी वाहून जाणार. तिला वडिलांचा चमचा आठवला, खाली ठेवताना झालेला आवाज. तिला आगाथाचा पसरलेला घागरा आठवला, आणि त्याच्याखाली फांद्या बांधून सुजलेले गुडघे असणार हे पहिल्यांदा सुचलं. तिनं हाइड्रुनकडे पाहिलं. हाइड्रुनच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिची मान अगदी किंचित, कळेल न कळेल अशी हलली, हो म्हणाली की नको म्हणाली कुणास ठाऊक.

"नाही," बुर्गल म्हणाली. "त्यानं नाही गेली ती. तिच्या घराण्यात होतं ते. तुझ्या फवारणीचा काही संबंध नाही."

विगील तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी जेवणाच्या टेबलावर ती खोटं बोलली की सगळ्यांत आधी त्यालाच कळायचं. तो कधी आईला सांगायचा नाही, फक्त असाच बघायचा.

"सभागृहात तू याहून मोठ्यानं बोलायचीस," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो मागत होता. बुर्गल सरळ झाली. सभागृहात उभी राहायची तशी दोन्ही पाय रोवून उभी राहिली, आणि मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा तो आवाज, जो घेऊन ती इतकी वर्षं या माणसांविरुद्ध उभी राहिली होती, तो तिनं काढला. "नाही, विगील. आगाथा फवारणीनं गेली नाही. मी सांगते. त्याचा काही संबंध नाही." प्लांगरांचं अख्खं कुटुंब वळलं. पलीकडच्या ओळीतही माना वळल्या. कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. प्लांगरबाईचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्या उघड्या तोंडातून आपली सगळी कारकीर्द बाहेर निघून चालली आहे असं बुर्गलला दिसलं. तिला दुःख झालं, खूप झालं, पण ते करायला नको होतं असं मात्र वाटलं नाही.

पाद्री पोचला. तीर्थाचे थेंब दगडावर पडले, शेवंतीवर पडले, विगीलच्या गुडघ्यांवर पडले. मग त्यानं धूपपात्र हलवलं. वारा घराकडे जाणारा होता, नदीवरून येणारा, तोच. पांढरा ढग कबरीवरून उठला आणि सरळ त्यांच्या तोंडावर आला.

"तोंड मिट, बुर्गल," विगील हळूच म्हणाला.

त्याचा हात मांडीवरून उठला. थरथरत, वाट चुकत, अर्ध्यावर पडत पुन्हा उठत तो तिच्या चेहऱ्याकडे येऊ लागला आणि पोचेना. तिनं गुडघे टेकले, चेहरा पुढे केला आणि तो हात स्वतःच्या नाकातोंडावर ठेवून घेतला. आता त्याला इस्पितळाच्या साबणाचा वास होता. तिनं श्वास धरला. त्यानंही धरला, गाल फुगवून, म्हाताऱ्या, न हलणाऱ्या चेहऱ्यानं. माणसं बघत होती, बघू देत. धूर हळूहळू दगडावरून, हाइड्रुनवरून, भिंतीकडच्या त्या बेवारशी कबरींकडे सरकत गेला.

तो भिंतीपर्यंतही पोचला नव्हता तेव्हा विगीलचा श्वास सुटला, मोठ्या हुंदक्यासारखा. तो आधी हरला, असं कधी झालं नव्हतं. बुर्गलनं त्याच्या तळव्याखाली तोंड मिटलेलंच ठेवलं आणि तो "घे आता" म्हणेल म्हणून ती थांबून राहिली.